वाचक विचारतात : सूर्याच्या हिशोबातले दोन हिस्से कुठं गेले?

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम चालतं. सूर्याच्या पोटातून न्यूट्रिनो नावाचे जेवढे कण यायला पाहिजेत त्यांचा तिसरा हिस्साच सापडला, असं मी वाचलं. आज्जाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग आतला जाळ विझला असणार की. आव्याला बाहेरनं हात लावला तर दोन दोन दिवस ऊब लागते, आत नुसती राख असते." असं खरंच असू शकतं का? बाकीचे दोन हिस्से गेले कुठं? आणि एक छोटी शंका : रात्री सूर्य नसताना न्यूट्रिनो येतात का?

उत्तर : बाळ, आधी आज्जांना माझा नमस्कार सांग. त्यांना जी शंका आली तीच १९७० च्या दशकात काही शास्त्रज्ञांनी गंभीरपणे मांडली होती. भट्टी बाहेरून गरम, आत गार. सूर्याच्या बाबतीत ही शंका रास्तच होती, कारण आपल्याला दिसतो तो उजेड ताजा नसतो. गाभ्यात तयार झालेली ऊर्जा धडका खात, शोषली जात, पुन्हा बाहेर फेकली जात वर येते. पृष्ठभाग गाठायला तिला हजारो वर्षं लागतात, काही गणितांप्रमाणे लाखाहून जास्त. आज गाभा गार पडला तरी तुमच्या अंगणातली मडकी उद्याही वाळतील, आणि तुझ्या पणतवंडांच्या काळातही वाळतील. उजेडाला विचारून आतली ताजी बातमी कळत नाही.

न्यूट्रिनोला विचारलं तर कळते. सूर्याच्या गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानाला, हायड्रोजनची चार केंद्रकं टप्प्याटप्प्यानं एकत्र येऊन हेलियमचं एक केंद्रक होतं आणि दर वेळी दोन न्यूट्रिनो सुटतात. त्यांना वीजभार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही, आणि कुणाशी बोलायची सवय तर फारच कमी. गाभ्यातून पृष्ठभागावर ते सव्वादोन-अडीच सेकंदांत येतात आणि तिथून सव्वाआठ मिनिटांत आपल्याकडे. तुझ्या अंगठ्याच्या नखावर दर सेकंदाला साधारण साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो पडतात आणि आरपार जातात. आत्ता, हे वाचतानासुद्धा.

हा कण माणसाच्या डोक्यात आला तोसुद्धा हिशोबातल्या तुटीमुळंच. काही किरणोत्सारी अणू फुटताना ऊर्जेची बेरीज जुळत नव्हती. १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी सुचवलं की न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन पळत असावा. आपण असा कण मांडला की जो कधी पकडता येणार नाही, याची त्यांना स्वतःलाच टोचणी होती. फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवान यांनी १९५६ साली अमेरिकेतल्या एका अणुभट्टीजवळ तो पकडला.

आता तुझ्या प्रश्नातल्या मुख्य माणसाकडे येऊ. त्यांचं नाव रे डेव्हिस. रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. तिथं जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटरवर त्यांनी एक प्रचंड टाकी बसवली आणि तिच्यात सुमारे ३ लाख ८० हजार लिटर टेट्राक्लोरोइथिलीन भरलं. नाव अवघड वाटलं तरी वस्तू बाजारातली आहे : कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात ते द्रावण. धंद्यातले लोक त्याला 'पर्क' म्हणतात. माझ्या मामांचं शहापुरात कपड्यांचं दुकान होतं, लग्नसराईत शालू आणि कोट धुवायला यायचे. त्या दुकानातला गोडसर, डोकं जड करणारा वास मला अजून आठवतो. सूर्याच्या गाभ्याची बातमी माणसाला पहिल्यांदा त्याच द्रावणातून मिळाली हे मी पुढं शिकलो, तेव्हा मामा हयात नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं, याची चुटपुट आहे.

हे द्रावणच का? त्यात क्लोरीन असतो. क्लोरीनच्या एका अणूला न्यूट्रिनो नेमका धडकला तर त्याचा आरगॉन होतो. ही युक्ती ब्रूनो पाँटेकोर्व्हो यांनी १९४६ सालीच सुचवली होती. हा आरगॉन टिकाऊ नाही, ३५ दिवसांत निम्मा उरतो. पण त्याच्या फुटण्यावरूनच तो मोजता येतो. डेव्हिस दर काही आठवड्यांनी टाकीतून हेलियम वायू खेळवायचे, आरगॉन त्याच्याबरोबर बाहेर काढायचे आणि एक एक अणू मोजायचे. टाकीत अणू किती? क्लोरीनचे म्हणशील तर एकावर तीस शून्यांच्याही वर. त्यातून काढायचे किती? डझन-दोन डझन. तुझ्या आज्जांनी आयुष्यभरात मळलेल्या सगळ्या मातीतून ठरावीक वीस कण वेचून काढ म्हटलं तरी ते काम यापुढं सोपंच.

न्यूट्रिनो किती यायला हवेत याचं गणित जॉन बाकॉल नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं केलं होतं. त्यानुसार टाकीत रोज साधारण दीड अणू तयार व्हायला हवा होता. १९६८ साली डेव्हिस यांचे पहिले आकडे आले, आणि पुढं सुमारे पंचवीस वर्षं तेच येत राहिले : रोज अर्धा. म्हणजे तू वाचलास तो तिसरा हिस्सा.

मग संशयित तीन. डेव्हिस यांची मोजणी चुकली असेल, बाकॉल यांचा सूर्य चुकला असेल, किंवा वाटेत न्यूट्रिनोचंच काही झालं असेल. पहिल्या संशयिताबद्दल खालच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय. दुसऱ्यावर लोकांचा जास्त रोख होता, आणि त्याला कारण होतं. डेव्हिस यांची टाकी मुख्यतः जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो पकडायची. ते सूर्यात बोरॉन-८ नावाच्या अणूपासून येतात आणि त्यांची संख्या गाभ्याच्या तापमानावर इतकी नाजूक अवलंबून असते की तापमान काही टक्क्यांनी कमी धरलं तरी आकडा निम्म्याखाली येतो. त्यामुळं "सूर्याचा गाभा थोडा गार धरा, भागेल" असं म्हणणं सोपं होतं. आज्जांचा मुद्दा तो हाच.

तो कसा बाद झाला ते ऐक, मला हा भाग फार आवडतो. तुमच्या घरी मडकं विकताना आज्जा काय करतात? बोटानं टिचकी मारून वाजवतात. भाजलं असेल तर खणखणतं, कच्चं राहिलं असेल, तडा गेला असेल तर बद्द वाजतं. सूर्यही वाजतो. त्याचा पृष्ठभाग सतत थरथरत असतो, त्यातली एक मोठी लय पाच मिनिटांची आहे. या थरथरीवरून आत ध्वनिलहरी किती वेगानं जातात ते काढता येतं आणि वेगावरून आतली परिस्थिती कळते. १९९० च्या दशकात ही मोजमापं इतकी बारीक झाली की बाकॉल यांच्या गणितातला सूर्य आणि टिचकी मारून वाजवलेला सूर्य यांच्यात हजारात एक-दोन इतकाच फरक उरला. मडकं पक्कं भाजलेलं निघालं.

दरम्यान जपानमध्ये कामिओका इथल्या खाणीत मासातोशी कोशिबा यांच्या गटानं पाण्याच्या टाकीतून न्यूट्रिनो पाहिले. पाण्यात ते कोणत्या दिशेनं आले हेही कळतं. ते सूर्याकडूनच येत होते, पण निम्मेच. रशियातल्या आणि इटलीतल्या दोन प्रयोगांनी गॅलियम धातू वापरून कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो मोजले. तिथं निम्म्याहून थोडे जास्त सापडले. एका ठिकाणी तिसरा हिस्सा, दुसरीकडे निम्मे, तिसरीकडे निम्म्याहून अधिक. सगळीकडे तूट, आणि प्रत्येकाची वेगळी.

आता तिसरा संशयित. त्यासाठी आपलंच बेळगाव घेऊ. आपल्या भागातला माणूस घरी मराठी बोलतो, कचेरीच्या खिडकीशी कन्नड बोलतो, खडे बाजारात एखाद्या दुकानात हिंदी बोलतो. माणूस एकच. आता कुणी बाजाराच्या तोंडावर उभा राहून फक्त मराठीत विचारणा करतोय आणि त्या क्षणी मराठीत उत्तर देणाऱ्यांचीच नोंद घेतोय असं समज. सकाळी गल्लीतून तीनशे जण निघाले हे त्याला पक्कं माहीत आहे. संध्याकाळी वहीत शंभर. तो घाबरून म्हणणार, दोनशे माणसं हरवली!

न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत : इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. सूर्यातून निघताना सगळे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो असतात. डेव्हिस यांच्या क्लोरीनला ती एकच भाषा कळायची. वाटेत ज्यांनी बोली बदलली ते टाकीतून आरपार गेले आणि टाकीनं त्यांची दखलच घेतली नाही. न्यूट्रिनो असे रूप बदलत असतील हे पाँटेकोर्व्हो यांनी फार आधी म्हटलं होतं, पण बरीच वर्षं ते मत मोजक्यांचंच राहिलं.

ते सिद्ध करायला अशी टाकी हवी होती की जी भाषा विचारणार नाही. हर्बर्ट चेन यांनी १९८० च्या दशकात जड पाण्याची कल्पना मांडली. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो, जड पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये त्याच्या जोडीला न्यूट्रॉन असतो. या जोडीला न्यूट्रिनोची धडक बसली तर दोन गोष्टी होऊ शकतात. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो असेल तर तो न्यूट्रॉनचा प्रोटॉन करतो. पण जोडी नुसती फोडायची असेल तर तिन्हींपैकी कोणताही प्रकार चालतो. म्हणजे एकाच टाकीत दोन वह्या : एक मराठी बोलणाऱ्यांची, दुसरी दार ढकलून आत आलेल्या सगळ्यांची.

कॅनडात सडबरी इथल्या निकेलच्या खाणीत, दोन किलोमीटर खाली, १००० टन जड पाणी ॲक्रिलिकच्या १२ मीटर व्यासाच्या गोलात भरलं. आर्थर मॅकडोनाल्ड त्या गटाचे प्रमुख. २००१ साली पहिले निष्कर्ष आले आणि २००२ साली दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या गेल्या. बोरॉनच्या न्यूट्रिनोंपैकी इलेक्ट्रॉन प्रकारचे : दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला १७ लाख ६० हजार. तिन्ही प्रकार मिळून : ५० लाख ९० हजार. आणि बाकॉल यांच्या गणितानुसार यायला हवे होते ५० लाख ५० हजार.

हे तीन आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचो आणि थोडा वेळ काहीच बोलायचो नाही. मुलं आपोआप भागाकार करायला लागायची.

तेव्हा आज्जांना सांग, जाळ विझलेला नाही. जेवढा म्हटला होता तेवढाच पेटलेला आहे. दोन हिस्से आपल्याकडे येतच होते, आपण त्यांना ओळखत नव्हतो.

भाषेची उपमा इथवरच चालते, हे मात्र सांगायला हवं. माणूस ठरवून भाषा बदलतो, न्यूट्रिनो ठरवत नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा घे (कुमार गंधर्व जिथं जन्मले ती सुळेभावी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा तंबोरा मी समजावत बसत नाही). दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या असतील तर नाद एकसारखा राहत नाही, चढतो आणि उतरतो. न्यूट्रिनोचा प्रत्येक प्रकार म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तुमानांच्या लहरींचं मिश्रण. त्या लहरी पुढं जाताना एकमेकींपासून जराशा सरकतात आणि मिश्रण बदलतं. वस्तुमान शून्य असतं तर तारा तंतोतंत जुळलेल्या राहिल्या असत्या आणि काही बदललंच नसतं. म्हणून न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे यातून सिद्ध झालं. कणांच्या त्या वेळच्या प्रस्थापित सिद्धांतात ते शून्य धरलेलं होतं. तो दुरुस्त करावा लागेल हे एका खाणीतल्या ड्रायक्लीनिंगच्या द्रावणानं सांगितलं.

आणि हिस्से वेगवेगळे का आले? गाभ्यातलं द्रव्य पाण्याच्या दीडशे पट घन आहे. त्या दाटीतून बाहेर पडताना जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो जवळजवळ दोन तृतीयांश बदलून जातात, कमी ऊर्जेच्यांवर दाटीचा परिणाम थोडा, त्यांचे निम्म्याहून जास्त मूळ रूपात पोचतात. हे गणित वोल्फेनस्टाइन यांनी १९७८ साली सुरू केलं आणि मिखेयेव्ह व स्मिर्नोव्ह यांनी १९८५ साली सूर्याला लावलं. बारावीच्या पलीकडचं आहे, पण एक दिवस तू ते स्वतः सोडवावंस असं मला मनापासून वाटतं.

रात्रीची शंका शेवटी घेतो.

प्रश्न : मी निवृत्त बस कंडक्टर, राहणार निपाणी. तीस वर्षं गाडीवर काढली. सूर्य आभाळात, आणि ही माणसं दीड-दोन किलोमीटर जमिनीखाली जाऊन मोजतात, हे डोक्यात बसत नाही. दुसरं, तूट आली तर आम्ही आधी मोजणाऱ्याकडे बघायचो. त्या डेव्हिससाहेबांची मोजणीच चुकली नसेल कशावरून?

उत्तर : दादा, दुसरा प्रश्न तुम्हीच विचारू शकता, म्हणून तो आधी.

तुमचं वेबिल आणि थैलीतली रोकड जुळली नाही तर डेपोत काय व्हायचं ते तुम्हाला सांगायला नको. डेव्हिस यांच्यावरही हीच वेळ होती आणि तपासणी त्यांनी स्वतःच लावून घेतली. टाकीत मोजून मापून थोडा आरगॉन सोडला आणि हेलियम फिरवून परत काढला. जवळजवळ सगळा हाती आला. म्हणजे गाळणीला भोक नव्हतं. लोक नव्या शंका काढत, ते नव्या चाचण्या करत. गणितवाल्यांशी त्यांचं भांडण नव्हतं, बाकॉल तर त्यांचे जन्माचे मित्र. एकानं भाकीत बदललं नाही, दुसऱ्यानं मोजणी बदलली नाही, आणि तीस वर्षं दोघं एकमेकांना तोच आकडा दाखवत राहिले. टाकीला बाहेरच्या कणांपासून जपायला तिच्याभोवती पाणी भरलं होतं. त्या पाण्यात दीड किलोमीटर खोलीवर डेव्हिस पोहताहेत असा एक फोटो आहे. विहिरीत पोहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असतो तोच तिथं दिसतो.

खिशातले पैसे घालून रोकड जुळवायचा मोह किती मोठा असतो, ते मी माझ्यावरून सांगतो. बी.एस्सी.ला असताना लंबकावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा प्रयोग होता. ९.८ यायला हवा. माझा दर खेपेला १०.२ यायचा. पाच वेळा केला. प्रयोगशाळेत जे शिकवायला होते ते म्हणाले, "९.८ लिही आणि वही दे." मी लिहिलं. वर्ष संपताना कळलं की त्या टेबलावरचं स्टॉपवॉच मिनिटाला सव्वा सेकंद मागं पडत होतं. माझी मोजणी बरोबर होती, चूक घड्याळात होती, आणि ती पकडायची संधी माझ्या हातात असताना मी खोटा आकडा लिहून ती घालवली. माझ्यानंतर त्या टेबलावर बसलेल्या मुलांनीही तेच केलं असणार. पस्तीस वर्षं शिकवताना मी एकाही मुलाला आकडा जुळवून दिला नाही, त्याचं कारण ती वही. डेव्हिस यांना २००२ साली नोबेल मिळालं तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. बातमी वाचून मला रडू आलं, आणि ते नुसतं आनंदाचं नव्हतं.

आता खाण. न्यूट्रिनोला डोंगर आणि हवा सारखेच, तो कुठूनही येतो. अडचण बाकीच्या कणांची. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून सुटलेले कण सतत आपल्या अंगावर पडत असतात. उघड्यावर मोजायला बसणं म्हणजे भर जत्रेत एकाच माणसाची कुजबुज ऐकायला बसणं. वर दीड-दोन किलोमीटर खडक असला की जत्रेचा गलका जवळजवळ थांबतो.

अशीच एक खाण आपल्याच राज्यात, कर्नाटकात आहे, याचा अभिमान आपल्याकडे फार थोड्यांना आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोलार गोल्ड फील्ड्समध्ये, २.३ किलोमीटर खोलीवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहम इथल्या विद्यापीठीय गटांबरोबर उपकरणं बसवली होती. एम. जी. के. मेनन आणि बी. व्ही. श्रीकांतन ही त्यातली मोठी नावं. वैश्विक किरणांमुळं हवेत तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा नोंदवले गेले ते १९६५ साली, तिथं. जवळपास त्याच वेळी राइनेस यांचा गट दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत हेच करत होता, पण कोलारचा निकाल आधी छापून आला. हे सूर्याचे न्यूट्रिनो नव्हेत, पण पुढं १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडेमध्ये (कामिओकातलीच पाण्याची मोठी टाकी) न्यूट्रिनो रूप बदलतात याचा भक्कम पुरावा मिळाला तो याच जातीच्या न्यूट्रिनोंवरून. त्याबद्दल ताकाआकी काजिता यांना २०१५ सालचं नोबेल सडबरीच्या मॅकडोनाल्ड यांच्याबरोबर मिळालं. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात नवी वेधशाळा उभारायला केंद्रानं २०१५ साली मंजुरी दिली, पण विरोध आणि खटल्यांत ते काम अडकलं. तिथल्या लोकांच्या शंका मी उडवून लावणार नाही. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, वेळ देऊन आधी बोलायला हवं होतं. पण ज्या देशानं हे दार पहिल्यांदा उघडलं तोच आज बाहेर उभा आहे, हे मला सलतं.

प्रश्न : आम्ही लोंढ्याला राहतो. कैगाची अणुभट्टी इथून लांब नाही. तिच्यातून न्यूट्रिनो येतात का? मुलाबाळांना त्रास होईल का? — एक गृहिणी

उत्तर : ताई, येतात, आणि न्यूट्रिनोंचा त्रास होणार नाही.

अणुभट्टीतून बाहेर पडतात ते प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचंच उलटं भावंड. भट्टी कितीही बंदिस्त असली तरी ते अडत नाहीत. कैगापासून खानापूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे. तिथल्या चारही भट्ट्या पूर्ण चालू धरून मी वहीत मांडून पाहिलं : खानापुरात कैगाकडून येणारे कण सूर्याकडून येणाऱ्यांच्या लाखात एकाच्या आसपास भरतात. लोंढा थोडं जवळ, तिथं थोडे जास्त. सूर्याचे हजारो कोटी दर सेकंदाला मुलांच्या अंगातून जातच आहेत, जगात पहिलं मूल जन्मलं तेव्हापासून. अणुभट्टीबाबत किरणोत्सारी गळती, कचरा, पाणी याबद्दल विचारत राहणं तुमचा हक्क आहे, ते जरूर विचारा. फक्त न्यूट्रिनोला त्या यादीतून काढून टाका.

उलट या कणांनी मोठं काम केलंय. जपानमध्ये कामिओका इथंच कॅमलँड नावाच्या प्रयोगानं सरासरी १८० किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांचे कण मोजले. रूप बदललं नसतं तर ८७ च्या आसपास घटना दिसायला हव्या होत्या, दिसल्या ५४. हा निकाल २००२ च्या डिसेंबरात जाहीर झाला, आणि सूर्याच्या बाबतीत निघालेलं उत्तर पृथ्वीवरच्या भट्ट्यांनीही खरं ठरवलं. आणखी एक नातं : कैगात जे जड पाणी वापरतात, तेच सडबरीच्या गोलात होतं. कॅनडाच्या अणुऊर्जा कंपनीनं ते उसनं दिलं होतं, किंमत सुमारे ३० कोटी कॅनेडियन डॉलर. २००६ साली मोजणी थांबली आणि पाणी मालकाला परत गेलं.

राहिलेली शंका

खानापूरच्या मुलीनं विचारलं होतं, रात्री न्यूट्रिनो येतात का.

येतात. दिवसा डोक्यावरून, रात्री पायांखालून. सगळी पृथ्वी ओलांडायला त्यांना सेकंदाचा विसावा भागसुद्धा पुरतो. सुपर-कामिओकांडेच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनोंनी टिपलेलं सूर्याचं चित्र तयार केलंय, त्यात रात्री, पृथ्वीच्या आडून टिपलेलाही सूर्य आहे. आणि त्यात एक गंमत सापडली, २०१४ साली तिचा पहिला पुरावा छापून आला : रात्री इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो दिवसापेक्षा सुमारे ३ टक्के जास्त दिसतात. पृथ्वीच्या पोटातल्या द्रव्यातून येताना बदललेल्यांपैकी काही पुन्हा मूळ बोलीवर येतात. न्यूट्रिनोच्या डोळ्यानं पाहिलं तर सूर्य रात्री किंचित जास्त उजळ असतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मध्यरात्री सव्वाबाराच्या सुमाराला, सूर्य खानापूरच्या बरोबर पायांखाली असतो, पृथ्वीच्या मध्यातून सरळ रेषेत. तोवर पाऊस सरलेला असेल, तुमचा आवा लागला असेल आणि आज्जा राखणीला बसले असतील. त्यांच्या शेजारी जाऊन बस आणि जमिनीवर तळहात टेकव. ऊब आव्याची लागेल. पण त्या तळहातातून वर जाणारे ते हजारो कोटी सव्वाआठ मिनिटांपूर्वी सूर्याच्या गाभ्यातून निघालेले असतील. आतला जाळ पेटलेला आहे हे आज्जांना तेव्हा सांग.